नॉनप्रॉफिट म्हणजे ‘ना नफा ना तोटा’ नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या देणग्यांच्या बदलत्या चित्रावरचा एक लेख मराठीत आणताना ‘नॉनप्रॉफिट’साठी ‘ना नफा ना तोटा संस्था’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘गिव्हिंग’ला दान म्हणावं, देणगी म्हणावं की परोपकार?

‘ना नफा ना तोटा’ इथे चालणार नाही. मराठीत हा प्रयोग मुळात किमतीबद्दलचा आहे. पुण्यात पूना मर्चंट्स चेंबर दिवाळीला लाडू-चिवडा ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर विकतं, म्हणजे जेवढा खर्च पडतो तेवढ्याच भावात देतं. अमेरिकेतल्या नॉनप्रॉफिटवर असं कोणतंही बंधन नाही. तिने खर्चापेक्षा जास्त कमवावं, पैसा साठवावा, गुंतवावा. मात्र उरलेला पैसा मालक किंवा भागधारक म्हणून कोणाला वाटून घेता येत नाही. हेन्री हान्समन या कायदेतज्ज्ञाने 1980 साली या प्रकारच्या संस्थांची ओळख नेमकी याच अटीवरून सांगितली. मराठीत तिला ‘वाटपबंदी’ म्हणता येईल.

हार्वर्ड विद्यापीठाचंच पाहा. ते नॉनप्रॉफिट आहे. 2024 च्या आर्थिक वर्षात त्याच्या दैनंदिन कारभारात सुमारे 4.5 कोटी डॉलर उरले. पुढच्याच वर्षी 11.3 कोटी डॉलरची तूट आली. म्हणजे आधी नफा झाला, मग तोटाही झाला, आणि संस्थेचं कायदेशीर स्वरूप तसूभरही बदललं नाही. शिवाय 50 अब्ज डॉलरहून मोठा कायमनिधी गाठीशी आहेच. अशा संस्थेला ‘ना नफा ना तोटा’ म्हटलं, तर पुढच्या परिच्छेदात ताळेबंद आला की वाचक गोंधळणार.

म्हणून पहिल्या उल्लेखात ‘नफा न वाटणारी संस्था’ असं लिहून अर्थ पक्का करावा आणि पुढे ‘ना-नफा संस्था’ हे सुटसुटीत रूप वापरावं. वर्षअखेर उरलेल्या रकमेला ‘वाढावा’ म्हणावं; सहकारी संस्थांच्या हिशेबात हा शब्द मुरलेला आहे. ‘स्वयंसेवी संस्था’ मात्र सरसकट नको. हजारो पगारी डॉक्टर-परिचारिका असलेली मोठी रुग्णालयंही अमेरिकेत ना-नफा असतात, त्यांना स्वयंसेवी म्हणणं कानाला खटकतं.

आता दान की देणगी. पैसा मोजायचा असेल तिथे मी ‘देणगी’च लिहीन. ‘गिव्हिंग यूएसए’च्या वार्षिक अहवालानुसार 2024 मध्ये अमेरिकेत एकूण 592.5 अब्ज डॉलरच्या देणग्या दिल्या गेल्या. त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश हयात व्यक्तींनी दिलेल्या, बाकीच्या प्रतिष्ठानांकडून (म्हणजे फाउंडेशनांकडून), मृत्युपत्रांतून आणि कंपन्यांकडून आलेल्या. या सगळ्याला ‘दान’ म्हटलं तर कंपनीच्या धनादेशालाही पुण्यकर्माचा वास लागतो. चर्चला किंवा देवळाला दिलेल्या पैशासाठी ‘दान’ शोभतं. धर्मसंस्थांचा वाटा घटत गेला असला तरी अजूनही जवळजवळ एक चतुर्थांश आहे. ‘परोपकार’ तर इथे बसतच नाही, कारण परोपकार पैशाशिवायही होतो आणि त्याची बेरीज करता येत नाही. वृत्तीबद्दल बोलायचं असेल तर ‘दातृत्व’ हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे, तो वापरायला कचरू नये.

हा भेद लेखाच्या गाभ्यालाच भिडतो. 2000 साली अमेरिकेतली सुमारे 66 टक्के कुटुंबं काही ना काही देणगी देत होती. 2018 मध्ये हे प्रमाण 50 टक्क्यांच्या किंचित खाली आलं. देणग्यांची रक्कम वाढली, देणारी घरं कमी झाली. इथे ‘अमेरिकेत दानशूरता वाढली’ असा मथळा दिला तर तो खोटा ठरेल. घरटी थोडे थोडे पैसे काढण्याला आपण ‘वर्गणी’ म्हणतो, आणि अमेरिकेत ओसरत चाललं आहे ते हे वर्गणीच्या जातीचं देणंच. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते, म्हणून भाषांतरात ‘देणगीची रक्कम’ आणि ‘देणाऱ्यांची संख्या’ हे कायम वेगळं ठेवावं असा माझा आग्रह आहे.

‘टॅक्स डिडक्शन’साठी वर्तमानपत्रं ‘करसवलत’ लिहितात. ‘वजावट’ अधिक नेमकं. रक्कम करातून नव्हे, करपात्र उत्पन्नातून वजा होते. 24 टक्के दराने कर भरणाऱ्याने 1,000 डॉलर दिले आणि पूर्ण वजावट मिळाली, तर त्याचे 240 डॉलर वाचतात. 2017 च्या कायद्याने सर्वांना मिळणारी प्रमाणित वजावट जवळपास दुप्पट केली. त्यामुळे पुढची अनेक वर्षं तिच्याऐवजी देणगीची वेगळी वजावट मागण्याचं कारणच बहुतेक कुटुंबांना उरलं नव्हतं.

सगळ्यात अवघड आहे तो ‘डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंड’. दाता पैसे एका पात्र संस्थेकडे सोपवतो, वजावट त्याच वर्षी घेतो, आणि पुढे ते पैसे कोणत्या संस्थेला द्यावेत हे सवडीने सुचवत राहतो. खाजगी प्रतिष्ठानांना दरवर्षी मालमत्तेच्या साधारण 5 टक्के रक्कम खर्च करावीच लागते. या निधीतल्या एकेका खात्याला मात्र कायद्याने अशी सक्ती नाही. आपल्याकडे दान देताना उदक सोडतात: पाणी हातावरून सुटलं की दात्याचा हक्क संपला. या निधीत कायद्याच्या लेखी उदक सोडलेलं असतं, मालकी गेलेली असते, पण शब्द दात्याचा चालतो. टीकाकारांचा रोख नेमका इथेच आहे: वजावट आज मिळते, गरजूपर्यंत पैसा कधी पोचेल ते ठरलेलं नाही. म्हणून ‘दात्याच्या सल्ल्याने चालणारा देणगी-निधी’ असं लांब पण स्वच्छ नाव द्यावं आणि पुढे ‘सल्लानिधी’ म्हणावं. या निधीत जमा झालेल्या रकमेसाठी ‘वाटलेली देणगी’ असं चुकूनही लिहू नये. ‘सोपवलेली’ लिहावं, आणि तिथून संस्थेकडे गेली की मगच ‘दिलेली’.