कॉलेज मुलीचे ओरिजिनल पेपर अडवून बसलंय, तीन वर्षांची फी मागतंय, काय करायचं?

ताई, नमस्कार. तुमचा मेसेज नीट वाचला, सोबत पाठवलेला बॉण्डचा फोटोही बघितला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताई सांगली जिल्ह्यातल्या. मुलीने गेल्या वर्षी जिल्ह्यातल्याच एका खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजला ॲडमिशन घेतलं, पहिलं वर्ष कसंबसं केलं पण तिचं मन काही तिथे लागेना, तिने परत सीईटी दिली आणि आता सरकारी कॉलेजात बी.फार्मसीला नंबर लागलाय. जुनं कॉलेज म्हणतं, तुमची सीट तीन वर्षं रिकामी राहणार, तुम्ही 500 च्या स्टॅम्पवर बॉण्ड दिलाय, त्यामुळे उरलेल्या तीन वर्षांचे 85 हजारांप्रमाणे 2 लाख 55 हजार भरा, तोवर मार्कशीट, दाखला, कास्ट व्हॅलिडिटी काहीच मिळणार नाही. शिवाय पहिल्या वर्षाचे 12 हजार बाकी आहेत, ते मात्र खरंच बाकी आहेत असं ताई स्वतःच लिहितात.

आणि शेवटी लिहिलंय, "गळ्यातलं मोडून भरून टाकू का?" ताई, नका मोडू. आधी मी सांगतो ते करा.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे कागदपत्रं हा एक विषय आणि पैसे हा दुसरा, कॉलेजने दोन्ही मुद्दाम एकत्र बांधलेत कारण पेपर अडवले की आईबाप घाबरून पैसे भरतात हे त्यांना पक्कं माहितीये. कायद्याने ते असं बांधताच येत नाहीत. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) ऑक्टोबर 2018 मध्ये फी परतावा आणि मूळ प्रमाणपत्रं या दोन्हीवर अधिसूचना काढली. त्यात स्पष्ट आहे की ॲडमिशनच्या वेळी ओरिजिनल तुमच्यासमोर तपासायची, लगेच परत द्यायची आणि स्वतःकडे फक्त तुमच्या सहीची (स्वसाक्षांकित) झेरॉक्स ठेवायची. म्हणजे ते पेपर वर्षभर कॉलेजच्या कपाटात होते हीच मुळात चूक. आणि फी एका वेळी जास्तीत जास्त एका वर्षाची घ्यायची, पुढच्या वर्षांची आधीच मागायची नाही.

कॉलेज म्हणेल आमचे पैसे येणं आहेत म्हणून वस्तू ताब्यात ठेवायचा हक्क आहे. असा हक्क करार कायद्याच्या कलम 171 मध्ये आहे, पण तो बँकर, अडते, धक्केवाले, हायकोर्टाचे ॲटर्नी आणि विमा दलाल यांना. त्यात कॉलेज कुठे आहे? बाकीच्यांना तसा स्पष्ट करार लागतो, आणि तुमच्या बॉण्डमध्ये मी बघितलं, पेपर अडवून ठेवू असं एक अक्षरही नाहीये, फक्त पैसे भरू असं आहे.

आता बॉण्डचं. इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, कारण कॉलेजचा वकील सुप्रीम कोर्टाचा 2003 चा इस्लामिक अकॅडमीचा निकाल काढणार हे नक्की. त्या निकालात कोर्ट म्हणालं की फी एका वर्षाचीच घ्या, पण एखादा विद्यार्थी मधेच सोडून जाईल असं वाटलं तर फार तर त्याच्याकडून उरलेल्या फीसाठी बॉण्ड किंवा बँक गॅरंटी घेऊ शकता. म्हणजे बॉण्ड हा प्रकारच बेकायदेशीर आहे असं जे लोक सांगतात ते पूर्ण खरं नाही. पण त्या निकालातही कुठे पेपर अडवायची मुभा नाही, आणि तो बॉण्ड एखाद्या विशिष्ट विद्यार्थ्याबद्दल शंका असेल तर घ्यायचा होता, तुमच्या कॉलेजने तर छापील फॉर्मवर नुसतं नाव भरून सरसकट सगळ्यांकडून घेतलाय असं तुम्हीच लिहिलंय. आणि बॉण्डवर पैसे हवे असतील तर त्यांनी दिवाणी कोर्टात दावा लावावा, तिथे करार कायद्याच्याच कलम 74 प्रमाणे कागदावर कितीही आकडा लिहिलेला असला तरी वाजवी नुकसानभरपाईच मिळते. नुकसान खरंच झालं का, हेच मुळात विचारायचं! पहिल्या वर्षाच्या रिकाम्या जागा डिप्लोमाच्या पोरांना डायरेक्ट सेकंड इयरला देता येतात, मग सीट तीन वर्षं रिकामी कशी काय राहणार? हा प्रश्न लेखी विचारा, उत्तर द्यायला त्यांना जड जाईल.

अजून एक, फोटोत बॉण्डची तारीख आहे आणि मुलीची जन्मतारीख तुम्ही मेसेजमध्ये दिलीये. सही केली त्या दिवशी ती 18 ची झालेली नव्हती, साधारण दोन महिने कमी होते. अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्द असतो, हे 1903 च्या मोहोरीबीबी निकालापासून ठरलेलं आहे. तिच्यावर तो बॉण्ड चालणार नाही. तुमची सही मात्र खाली आहे, ती नुसती पालक म्हणून आहे की जामीनदार म्हणून, ते फोटोत अर्धं कापलं गेलंय, त्या पानाचा नीट फोटो काढून पाठवा. त्यावर बरंच अवलंबून आहे.

आता करायचं काय. ते 12 हजार भरून टाका, खरे देणे आहेत, आणि पावतीवर "पहिल्या वर्षाची शिल्लक फी" असं लिहून घ्या, नुसतं "फी" नको, नाहीतर उद्या म्हणतील बॉण्डचा पहिला हप्ता दिला. लायब्ररीची पुस्तकं, आयकार्ड जमा करून नो ड्यूज घ्या. पहिल्या वर्षाची भरलेली फी परत मिळणार नाही, मुदत केव्हाच संपली, पण कॉशन मनी, म्हणजे अनामत रक्कम, पूर्ण परत मागा, तो तुमचाच आहे.

मग प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज द्या. कुठले कुठले पेपर जमा आहेत त्याची यादी, 2018 च्या अधिसूचनेचा उल्लेख, आणि 7 दिवसात ओरिजिनल व टी.सी. द्या, देत नसाल तर कुठल्या नियमाने ते लेखी कळवा, एवढंच. भांडणाची भाषा नको. दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. क्लार्क शिक्का मारत नसेल तर वाद घालत बसू नका, तिथूनच पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवा आणि ट्रॅकिंगचा प्रिंट जपून ठेवा. फोनवर झालेलं बोलणं काही कामाचं नाही.

त्याच दिवशी कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे मुलीच्या नावाने तक्रार टाका. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार ही समिती प्रत्येक कॉलेजला लागू आहे, आणि जो कोर्स करायचाच नाही त्याची फी उकळण्यासाठी पेपर अडवणं हे त्या नियमांत तक्रारीचं कारण म्हणून सरळ दिलेलं आहे. समितीने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, निर्णय पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. सोबत यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर पण तक्रार करून ठेवा.

पण तुमच्याकडे एवढा वेळ नाहीये हे मला कळतंय, नवीन कॉलेजची तारीख तोंडावर आहे. म्हणून एक काम आजच करा आणि एक अजिबात करू नका. एक, मुलीच्या डिजिलॉकरमधून दहावी-बारावीची मार्कशीट काढा, ती कायद्याने ओरिजिनलच्या बरोबरीची आहेत, आणि नवीन कॉलेजला, जुन्या कॉलेजला दिलेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत जोडून, मुदतीसाठी हमीपत्र द्या. सरकारी कॉलेजात असे प्रकार दरवर्षी येतात, त्यांना नवीन नाही. दोन, कुणीतरी सांगेल की पोलीस ठाण्यात पेपर हरवल्याची नोंद करा आणि डुप्लिकेट काढा. अजिबात नाही! पेपर कुठे आहेत हे तुम्हाला माहितीये, हरवले म्हणून लिहून देणं हा गुन्हा आहे, आणि तो मुलीच्या नावावर लागेल.

ग्राहक मंचात जाऊ का असंही विचारलंय. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्ये मनू सोळंकी प्रकरणात शिक्षण संस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत असं म्हटलंय, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. अर्जाला 7 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर राज्यघटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात रिट याचिका. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली त्यात येते, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. आणि वकिलाची फी जड वाटत असेल तर हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा, महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, मुलीला पण आणि तुम्हाला पण.

अर्ज देऊन झाला की शिक्का दिसेल असा फोटो आणि बॉण्डचं ते शेवटचं पान पाठवा.