मंडळीचा इतिहास लिहायला बसण्यापूर्वी

चि. मुली,
सप्रेम सलाम.

पास्टरेट कमिटीने, म्हणजे आपल्या चर्चच्या कारभारी समितीने, मंडळीच्या (चर्चच्या लोकांच्या) इतिहासाचं काम तुझ्यावर सोपवलं, हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवात इमारतीपासून करू का, असं विचारलंयस. नको. आधी दोनापावल्याला जा. राजभवनाच्या वाटेवर इंग्रजांचं छोटं कबरस्तान आहे, तिथे तासभर बस. टिपूच्या आणि फ्रेंचांच्या भीतीने इंग्रजांनी १७९९ मध्ये गोव्यात फौज उतरवली आणि १८१३ पर्यंत ठेवली. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या रीतीची, प्रार्थना इथे त्या फौजेच्या सोबतीने आली. हे झाकून ठेवू नकोस.

त्याच काळात, १८०८ मध्ये, क्लॉडियस ब्युकॅनन हा अँग्लिकन चॅप्लेन (कंपनी सरकारचा पाळक) जुन्या गोव्यात येऊन इन्क्विझिशनची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाची, चौकशी करून गेला. १८११ मध्ये त्याने ते छापलं, १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झालं. दोन्ही गोष्टी लिही, पण एकीमुळे दुसरी घडली असं सुचवू नकोस. नाताळात ज्यांच्या घरून आपल्याकडे नेवऱ्या आणि दोदोल येतो, त्या कॅथलिक शेजाऱ्यांसमोर बसून वाचता येईल असं लिही.

मग मुरगाव. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर बंदर आणि लोहमार्ग इंग्रज कंपनीने बांधला. इथून पुढे तुला बाप्तिस्म्याच्या वह्या लागतील. अँग्लिकन वहीत मुलाच्या नावाबरोबर बापाच्या धंद्याचाही रकाना असतो. तो रकाना वरून खाली नुसता वाचत जा. चर्च कोणाचं होतं ते तिथे कळतं, बिशपांच्या यादीत कळत नाही. एखादी जुनी वही हरवलेली असेल तर हेही लक्षात ठेव, की मुंबई इलाख्यातले चॅप्लेन नोंदींच्या नकला लंडनला पाठवत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

कोनशिला, पहिली उपासना आणि चर्चचं समर्पण या तीन वेगळ्या तारखा असतात. मी एका मंडळीचा शतक महोत्सवी अंक केला, तेव्हा कोनशिलेवरचं साल मंडळीच्या जन्माचं साल म्हणून छापलं. लोक त्याच्या कितीतरी आधीपासून एका रेल्वे क्वार्टरमध्ये जमत होते. त्या घरच्या बाईंची मुलगी अंक घेऊन माझ्याकडे आली. बोलली काहीच नाही. आईचं प्रार्थनेचं पुस्तक उघडून तिने माझ्यापुढे ठेवलं. पहिल्या पानावर शाईने तारीख घातलेली होती. ते पान मला अजून दिसतं.

सगळ्यात जास्त वेळ १९७० नंतरच्या काळाला दे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था (अँग्लिकनही त्यात) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. कागदावर ते एका दिवसात झालं. पण मिरज-कोल्हापूरकडून नोकरीसाठी गोव्यात आलेली आपली मराठी घरं अमेरिकन प्रेस्बिटेरियन (दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाच्या) मिशनमधली. त्यांना प्रभूभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) बाकावर बसून, छोट्या पेल्यांतून घ्यायची सवय. अँग्लिकन रीतीत वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकायचे आणि एकाच प्याल्यातून घ्यायचं. कठड्यापाशी आधी कोण गेलं, कोण बाकावर बसून राहिलं, पाळकांनी काय तोड काढली, पहिली मराठी उपासना कधी झाली, हे म्हाताऱ्या माणसांना विचार. तुझ्या आजीपासून सुरुवात कर. ते आता लिहिलं नाही तर कुठेच राहणार नाही.

आणि मंडळीचं सेवाकार्य? अहवालातली वाक्यं उतरवू नकोस. जमाखर्चाची वही काढ. दानपेटीतले पैसे कोणाच्या औषधाला, कोणाच्या फीला गेले आणि कोणत्या साली फक्त रंगरंगोटीवर खर्च झाले, दोन्ही लिही. पाळकसाहेबांना वाईट वाटेल असं तुला वाटत असेल, तर छापण्याआधी त्यांना दाखव, पण आकडा बदलू नकोस.

येत्या रविवारी उपासनेनंतर सेक्रेटरींकडून वह्यांच्या कपाटाची किल्ली मागून घे. पावसाळ्यात पानं चिकटलेली असतील, ओढू नकोस. सावलीत सुकू दे आणि उलटण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढ. आजीला माझा सलाम सांग.

तुझा,
जुना गुरुजी