वाचकांचे प्रश्न : सराफा आधी की सायकल?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून दीर-जाऊ आणि त्यांची १४ व ११ वर्षांची मुलं चार दिवसांसाठी इंदूरला येताहेत. मुलांना कच्च्या रस्त्यावर माउंटन बाइक चालवायची आहे, जाऊबाईंना शहर बघायचंय आणि सराफा सगळ्यांनाच हवा आहे. कसं बसवावं?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : चार दिवसांत सगळं बसतं, फक्त क्रम चुकू देऊ नका. आपल्याकडे पाहुणे उतरले की पहिल्याच रात्री त्यांना सराफ्यात नेतात. तिथे दागिन्यांची दुकानं मिटल्यावर खाण्याला रंग चढतो. भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) आणि वर जलेबा (मोठी जिलेबी) खाऊन घरी यायला बारा वाजतात, मग सकाळी सहाला कोण उठतंय? राइड नऊला सुरू होते, अकराला ऊन डोक्यावर येतं आणि धाकटं रडकुंडीला येतं. म्हणून सराफा राइड झाल्यावर, त्याच दिवशी रात्री.

पहिल्या संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारकं) आणि राजवाडा पुरे. राजवाड्याचा मागचा भाग १९८४च्या आगीत गेला आणि नंतर पुन्हा उभारला, हे पाहुण्यांना आधी सांगा. नाहीतर सात मजली दरवाजातून आत गेल्यावर ‘जुनं कुठाय?’ हा प्रश्न ठरलेला. जेवण घरी, साधं.

दुसऱ्या दिवशी महू. सायकली गाडीतूनच न्या. ए.बी. रोडवर ट्रकांच्या बाजूने मुलांना चालवायला लावू नये, त्यात मजाही काही नाही. महूपासून पातालपाणीचा धबधबा सुमारे ६ किलोमीटर. पोहे खाऊन साडेसहाला सायकलवर बसलात तर आजूबाजूच्या गाडवाटांवर रमतगमत जाऊन-येऊनही दहापर्यंत मोकळे. माणशी तासाला अर्धा लिटर पाणी धरा. धबधब्यापाशी प्रवाहात मात्र कोणीही उतरायचं नाही. वर कुठेतरी पाऊस पडला की इथे पाणी एकदम चढतं. २०११च्या जुलैत इथेच माणसं वाहून गेली. दिवाळीत धार बारीक असते, पण शेवाळलेला दगड तेवढाच निसरडा.

तिसरा दिवस उशिरा उठून लालबागेत घालवा. होळकरांचा हा वाडा १८८६ ते १९२१ असा टप्प्याटप्प्याने बांधला गेला. सोमवार येत असेल तर उघडा आहे का, ते आधी विचारून घ्या. रात्री लवकर झोप, कारण चौथ्या पहाटे मांडू. रस्ता शंभरेक किलोमीटरचा आहे, तेव्हा साडेपाचला निघा. खरं तर या सहलीतला सगळ्यात चांगला दिवस हाच. पठार बरंचसं सपाट, गर्दी कमी. जहाज महालापासून रूपमतीच्या मंडपापर्यंत मुलं सायकलवर आणि मोठे गाडीत असं जाता येतं, कोणी कोणासाठी खोळंबत नाही. वाटेत गोरखचिंचेची बुंधेदार झाडं दिसतील. त्या फळांना तिथे मांडूची इमली म्हणतात.

महूजवळच्या जानापाव डोंगराचं नाव कोणी काढलं तर थोरल्याला न्या, धाकट्याला नको. चढ दमवतोच, पण जपायचं ते उतरताना. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की डिस्क तापते आणि पकड कमी होते. दाबा-सोडा, दाबा-सोडा असं करा. दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा हळुवार. सीट ४-५ सेंटिमीटर खाली घ्या आणि दोन्ही पेडल समांतर ठेवून उभं राहा.

प्रश्न : मागच्या वर्षी पाऊस संपून महिना झाला होता, तरी आमची सायकल चिखलात रुतून बसली. पंक्चरही तीन झाले. टायर बदलावा का?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : टायरचा दोष नाही. नोव्हेंबरात गव्हासाठी शेतांना पाणी सोडतात, ते वाटेवर उतरतं. माळव्याची काळी माती वरून सुकल्यासारखी दिसते, आत लोण्यासारखी मऊ असते. ती टायर आणि फोर्कच्या मध्ये साचली की चाक फिरत नाही. अशा वेळी जोर लावून पेडल मारलंत तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढला जाऊन त्याचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जिथे अडकवलेला असतो तो तुकडा, वाकतो किंवा तुटतो. खाली उतरा, काटकीने माती काढा, सायकल उचलून गवतावरून न्या. पेरलेल्या शेताच्या कडेने मात्र नको. घरी धुताना बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नका, आणि चेन वाळल्यावर तेल द्या.

पंक्चर कशाने झालं ते ट्यूबच सांगते. बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल तर बाभळीचा काटा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि दगडावर ट्यूब रिमखाली चेपली. आतल्या अंगाला भोक असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. काटा झाला असेल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा. बहुतेक वेळा तो तिथेच असतो. तुमचे तीन पंक्चर एकाच काट्याचे असण्याची शक्यता बरीच आहे. सोल्यूशन लावल्यावर ओलं असतानाच पॅच चिकटवू नका, ते नीट सुकू द्या.

हवा साधारण ७० किलोच्या माणसाला पुढे २८, मागे ३२ पीएसआय. ३५-४० किलोच्या मुलाला २२ ते २५. टायर २.१ ते २.२ इंची आणि आत ट्यूब, हे धरून. व्हॉल्व बारीक प्रेस्टा असेल तर त्याचा अडॅप्टर खिशात ठेवा, खेड्यातला पंप प्रेस्टाला बसत नाही.

प्रश्न : पुण्याहून सायकली रेल्वेने आणता येतील का?
— वरच्याच सुदामानगरच्या वाचक

उत्तर : येतात, तिकिटावर सामान म्हणून पार्सल ऑफिसात बुक करायच्या. गाडी सुटायच्या निदान दोन तास आधी दीरांना तिथे पोचायला सांगा. पेडल काढायला १५चा पाना लागतो, आणि डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. तिथे हमखास लोक घोळ करतात. चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीवर टाकली की डिरेलर आत राहतो, मार लागत नाही. चाक काढलंत तर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये जाड पुठ्ठा घाला. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात. दिवा, मीटर, पंप, बाटली सगळं काढून बॅगेत. इंदूर हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे उतरवून घ्यायची घाई नाही.