वाचकांचे प्रश्न : रेइश मागुशचा किल्ला

प्रश्न : पणजीसमोरच्या रेइश मागुश किल्ल्यात तुरुंग होता म्हणतात. आता तिथे काय आहे?

उत्तर : तुरुंग होता, १९९३पर्यंत. मांडवीच्या चिंचोळ्या पात्रावर नजर ठेवायला पोर्तुगिजांनी १५५१मध्ये किल्ला बांधला, १७०७मध्ये नव्याने उभारला. १७३९मध्ये मराठ्यांनी बारदेश हा भोवतालचा मुलूख घेतला, तरी हा आणि आग्वादचा किल्ला हाती लागले नाहीत. डागडुजीनंतर २०१२पासून तो सर्वांना खुला आहे. आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांचे दालन आहे, कार्यक्रमही होतात.

भिंती जांभ्याच्या. जांभा पाणी पितो; त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, दगड भुसभुशीत होतो आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. अशा भिंतींना चुनाच हवा, कारण त्यातून ओल बाहेर पडते. चढ थोडासाच आहे. बुरुजावरच्या तोफा चुकवू नका.