गॅस असूनही आई चुलीवरच स्वयंपाक करते. धुराचा खरंच एवढा त्रास होतो का? मोठी खिडकी पाडली तर भागेल का?

त्रास होतो. नुसत्या खिडकीनं भागत नाही.

आमचं गाव शिराळा तालुक्यात. पावसाळ्यात आमच्याकडं जळण वाळत नाही. ओली लाकडं, शेणी, उसाचं पाचट, हाताला लागेल ते चुलीत जायचं. ओलं जळण पेटत नाही, धुमसत राहतं, आणि धूर धुमसण्याचाच जास्त. आई वाकून फुंकणीनं फुंकायची, पदरानं डोळे पुसायची, परत फुंकायची. तिच्या खोकल्याकडं कुणी लक्षच दिलं नाही, मी धरून.

चौपन्नाव्या वर्षी ओढ्यावरून घरी येताना ती दोनदा खाली बसली, तेव्हा सांगलीला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी विचारलं, "बिडी ओढता?" आई लाजून माझ्याकडं बघायला लागली. मग विचारलं, "चूल किती वर्षं?" "लग्नाच्या आदीपास्नं." स्पायरोमेट्री केली. त्यात नळीत जोरात, लांब फुंकायचं असतं. तिथली मुलगी "फुंका मावशी, अजून, अजून" म्हणत होती. चाळीस वर्षं चूल फुंकलेल्या माझ्या आईला सहा सेकंद फुंकता आलं नाही. निदान झालं सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार. इनहेलरनं दम कमी लागतो, पण फुफ्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

आणि गॅस तेव्हा घरात होता! चहापुरता. चुलत्यांचं म्हणणं, गॅसवरच्या भाकरीला चव नाही, वर पोटात गॅस धरतो. मी वाद घातला की एकच उत्तर: "तुझ्या आजीनं जन्मभर चुलीवरच केलं, तिला काय झालं?" काय झालं ते सांगतो. आजी रात्र रात्र उशाला टेकून बसून असायची, आडवं झालं की दम लागायचा. तिला दवाखाना दाखवला नाही, म्हणून तिला काही झालं नाही. चुलीवरच्या चवीचं कौतुक ज्याला आहे त्यानं श्रावणात महिनाभर स्वतः फुंकणी धरावी.

धुरातले पीएम २.५, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिबारीक कण, फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली त्यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. बंद स्वयंपाकघरात चूल पेटली की हा आकडा शेकड्यांत जातो. घरातल्या अशा धुरानं २०२० मध्ये जगात ३२ लाख माणसं गेली, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. लहान मुलांना न्यूमोनिया होतो, म्हणून चुलीपाशी नातवंड मांडीवर घेऊन बसू देऊ नका.

चूल ठेवायचीच असेल तर धुराडं हवं, जळण वाळलेलं हवं. फलटणला आरती संस्थेनं सुधारित चुलींवर बरंच काम केलंय. धूर कमी होतो, पण गॅसइतका नाही. सिलिंडर परवडत नाही हे कारण असेल तर ते खरं आहे, त्यात आईला दोष देऊ नका. बुकिंग आणि पैसे तुम्ही बघा. आणि प्रत्येक दम चुलीचाच नसतो. दमा, टीबी, हृदय, काहीही असू शकतं. तपासणी आधी.

अंघोळीच्या पाण्याचा बंबही न्हाणीतून बाहेर काढा. आमच्याकडं स्वयंपाक गॅसवर आला तरी आई पहाटे त्या कोंडलेल्या न्हाणीत चिपाडं सारत बसायची. माझ्या ते दोन वर्षांनी लक्षात आलं.