भिवंडी १९८४ मध्ये पेटली, मग १९९२-९३ मध्ये शांत कशी राहिली?

तुम्ही विचारलंय की दंगलीची कारणं लोकांच्या आपसातल्या नात्यांच्या जाळ्यातून कळतात का. बऱ्याच अंशी, हो. धर्म, गरिबी, राजकारण ही कारणं तर सगळीकडेच असतात, मग ठिणगी पडल्यावर एक शहर पेटतं आणि शेजारचं का नाही?

भिवंडीचंच बघा. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगली तिथल्या. पण बाबरी पडल्यावर मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली, तेव्हा जेमतेम तासाभरावरची भिवंडी शांत होती. मधल्या काळात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची माणसं एकत्र बसायची, आणि विषय काय, तर नळावरची भांडणं, गटार, भाडेकरू. 'अमक्या ठिकाणी मूर्ती फोडली' अशी अफवा आली की खरंखोटं कोणाला विचारायचं हे माहीत असायचं. अफवा तिथेच मरते.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या १९५० ते १९९५ च्या हिंदू-मुस्लिम दंगली तपासून असंच म्हटलं: रोजच्या शेजारधर्मापेक्षा व्यापारी मंडळं, युनियन, क्लब अशा दोन्ही समाजांच्या मिश्र संघटना मोठ्या शहरांत तणावाच्या वेळी जास्त टिकतात. कालिकत शांत, अलीगढ अशांत, हा त्यांचा गाजलेला दाखला.

मात्र जाळं दुधारी असतं. फक्त आपल्याच जातीधर्माचं घट्ट मंडळ असेल, तर दगड गोळा करायलाही तेच कामी येतं. आणि कमिटीत नुसते पुढारी भरले, की ती फोटोपुरतीच उरते.