पिकअपच्या हौद्यात कार्पेट की स्प्रे? आधी पैसे कुठून देणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑर्डरप्रमाणे फर्निचर बनवून ते घरपोच देणारे एक वाचक नवी पिकअप घेत आहेत. गाडीला 5 वर्षांचं कर्ज आहे, पण चौथ्या वर्षाअखेर ती विकून मोठी घ्यायचा विचार आहे. डीलर म्हणतो, हौद्याला स्प्रे-लायनिंग (आतल्या पत्र्यावर फवारून बसवलेला संरक्षक थर) करून घ्या, रक्कम कर्जातच घालून देतो, हप्ता जरासाच वाढेल. पत्नीचं मत कार्पेट-लायनरचं (हौद्यात बसवायचं मऊ अस्तर), कारण जुन्या गाडीत पॉलिश केलेल्या कपाटांना ओरखडे पडायचे. कार्पेटचं कोटेशन स्प्रेच्या साधारण नऊ-दशांश आहे. भावाच्या घराचं बांधकाम सुरू असल्यामुळे मधूनमधून माती आणि राडारोडाही याच गाडीतून जाणार. शिवाय, रोलरने घरीच लावायचं किट मिळतं, ते घेऊन पैसे वाचवावेत का, असंही त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

तुम्ही दोन वस्तूंमधून एक निवडायला सांगितलं आहे, पण तुमच्या पत्रात पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महाग वाक्य तिसरंच आहे: ‘रक्कम कर्जातच घालून देतो’. म्हणून आधी त्याचा हिशेब करू, मग कार्पेट आणि स्प्रेकडे येऊ.

स्प्रेचा खर्च 100 धरा. कर्जाचा दर 10 टक्के आणि मुदत 5 वर्षं धरली, तर या 100 चा मासिक हप्ता सुमारे 2.12 बसतो आणि पाच वर्षांत मिळून तुम्ही 127 च्या थोडे वर भरता. तुमच्या मंजुरीपत्रावर दर वेगळा असेल तर आकडे थोडे हलतील, चित्र तेच राहील. पण तुम्ही चौथ्या वर्षी गाडी विकणार आहात. त्या दिवशी या 100 पैकी 24 अजून फेडायचे बाकी असतील. गाडी दुसऱ्याच्या दारात, स्प्रे तिच्या हौद्यात, आणि विक्रीच्या रकमेतून आधी ते 24 बँकेला जाणार. हप्ता ‘जरासाच’ वाढतो हे खरंच आहे. डीलर खोटं बोलत नाही, फक्त महिन्याचा आकडा दाखवतो आणि वर्षांचा झाकतो. गाडीच्या सौद्यात ही युक्ती इतकी रुळली आहे की सीट कव्हरपासून रंगावरच्या कोटिंगपर्यंत सगळं त्याच वाटेने हप्त्यात शिरतं.

आता वर्षाचा खर्च काढू. स्प्रे रोखीने केला, चार वर्षं वापरला आणि गाडी विकताना हौदा चांगला दिसतो म्हणून 20 जास्त मिळाले असं धरू. मी इथे उदार झालो आहे. बाहेरून बसवलेल्या वस्तूंचे पैसे जुन्या गाडीच्या किमतीत पूर्ण परत येत नाहीत, घेणारा फार तर ‘बरं झालं’ म्हणतो. तर 80 भागिले 4, म्हणजे वर्षाला 20. तोच स्प्रे कर्जातून केला तर व्याजासकट 126 गेले, 20 परत आले, म्हणजे वर्षाला साडेसव्वीस. कार्पेट 90 ला घेतलं आणि चार वर्षांनी त्याची काहीच किंमत आली नाही, असा सगळ्यात वाईट हिशेब केला तरी वर्षाला साडेबावीस पडतात. ते कुणी 20 ला विकत घेतलं तर साडेसतरा.

म्हणजे कार्पेट की स्प्रे या वादात वर्षाला इकडेतिकडे अडीच आहेत, आणि रोख की कर्ज यात साडेसहा. घरात चर्चा पहिल्याची चालली आहे!

रोख देण्याला एक अट आहे. तो पैसा आणीबाणीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून येता कामा नये. तुमचा धंदा ऑर्डरवर चालतो, एखादा महिना रिकामा जाऊ शकतो आणि गाडीचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच येतो. किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला असेल, तर बचत खात्यात पडून असलेल्या पैशातून द्या, कारण त्यावर मिळणारं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमीच असतं. तेवढं बाजूला नसेल तर दोन्ही आत्ता नको. साधी जाड रबरी मॅट टाका आणि काम सुरू करा.

आता वस्तूंकडे. फरक अडीचचाच असेल, तर निर्णय हौद्यात काय जाणार यावरच व्हायला हवा.

स्प्रे-लायनिंग म्हणजे नुसता जाड रंग नव्हे. चांगल्या वर्कशॉपमध्ये पॉलियुरिया किंवा पॉलियुरेथेनचे दोन घटक गरम करून, मोठ्या दाबाने गनपर्यंत आणतात. ते गनच्या तोंडाशी मिसळतात आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांतच घट्ट होऊ लागतात. तळावर साधारण 3 मिलिमीटर जाडीचा थर बसतो. त्याला सांधा नसतो, त्यामुळे थर अखंड आहे तोवर पाणी पत्र्यापर्यंत पोहोचतच नाही. फावडं चालतं, दगड ओतले तरी चालतात, काम झालं की पाईपने धुऊन मोकळं. भावाच्या राडारोड्यासाठी याच्यासारखं काही नाही.

पण तो थर धरून राहावा म्हणून आधी कंपनीच्या रंगाची चकाकी घासून काढावी लागते. म्हणजे हे काम उलटं फिरत नाही. नंतर आवडलं नाही तर काढणं हे लावण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचं आणि खर्चाचं. आणि सगळा जीव त्या घासकामात आहे. कोपऱ्यात तेलकटपणा राहिला, फाळक्याच्या कडेला नीट घासलं गेलं नाही, तर तिथूनच थर सुटतो, खाली पाणी शिरतं आणि गंज आत झाकलेला वाढत राहतो. उघड्या पत्र्यावरचा गंज निदान दिसतो तरी. स्प्रेचे दर विचारताना दोन वर्कशॉपमध्ये मोठा फरक दिसला, तर तो बहुधा या घासकामात आणि थराच्या जाडीत असतो. जाडी बिलावर लिहून मागा.

तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या थराचा पोत. तो मुद्दाम खरखरीत ठेवतात, माल घसरू नये म्हणून. सिमेंटच्या गोणीला ते चांगलं. पण पॉलिश केलेलं कपाट आडवं ठेवून वीतभर जरी ओढलं, तरी त्याच्या कडेला काय होईल ते तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला नाही. गुडघे टेकून दोर बांधणाऱ्या माणसाचेही हाल होतात.

कार्पेट-लायनर हा शब्द ऐकून घरातला गालिचा डोळ्यांसमोर येतो आणि मग ‘पहिल्या पावसात कुजेल’ ही शंका. ती घरातल्या गालिच्याबद्दल रास्त आहे. तो हौद्यात टाकाल तर ओल धरून ठेवेल आणि पत्रा खाईल. पिकअपसाठी बनवलेलं लायनर वेगळं असतं. त्याचे धागे पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकचे, ते स्वतः पाणी शोषत नाहीत, आणि खाली बंद पेशींचा, म्हणजे पाणी आत न शिरणारा फोम असतो. हौद्याच्या मापाने कापलेले भाग वेल्क्रोने बसतात, म्हणून काढता येतात, धुता येतात. कपाटाच्या पायाखाली फोम दबतो, रंगाला ओरखडा जात नाही, हादरेही कमी बसतात. तुमच्या पत्नीचं म्हणणं मालाच्या बाजूने आहे आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

त्याचे दोष मात्र तुमच्याच कामाशी जुळणारे आहेत. बारीक भुसा आणि वाळू त्या लवेत अशी रुतते की झाडूने निघत नाही, व्हॅक्यूम लावावा लागतो. फावड्याने माती ओढता येत नाही. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं, त्यामुळे वेल्डिंगची ठिणगी किंवा नुकतंच बंद केलेलं गरम यंत्र ठेवलं की भोक ठरलेलं. आणि पुढची गाडी मोठी घेणार म्हणता, तर हे माप तिला बसणार नाही. म्हणून ‘कार्पेट काढून नव्या गाडीत नेऊ’ हा फायदा मी हिशेबात धरलेला नाही. तुमच्याच मॉडेलचा गिऱ्हाईक मिळाला तर विकता येईल, एवढंच.

एक गोष्ट पैशाची नाही, तरी सांगतो. जनरेटरसाठी किंवा करवतीसाठी पेट्रोलचा कॅन भरून आणत असाल, तर तो हौद्यात ठेवून कधीच भरू नका. कॅन कार्पेटवर किंवा प्लास्टिकच्या लायनरवर असला की त्यात साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही आणि नोझल जवळ आल्यावर ठिणगी उडू शकते. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेने 1998 मध्ये याच कारणाने लागलेल्या आगींबद्दल इशारा दिला होता. कॅन खाली जमिनीवर ठेवून भरायचा.

हौदा कशाचा आहे तेही गाडीच्या पुस्तिकेत बघा. सगळे हौदे लोखंडी पत्र्याचे नसतात. फोर्डच्या एफ-150 या पिकअपची बॉडी 2015 च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमची झाली, टोयोटाच्या टॅकोमा या पिकअपला 2005 पासून कॉम्पोझिट (धातूऐवजी मजबूत केलेल्या प्लास्टिकचा) हौदा आला. अशा हौद्याला लोखंडासारखा तांबडा गंज धरत नाही, मग ‘गंजापासून संरक्षण’ म्हणून पैसे मोजण्यात फारसा अर्थ उरत नाही. तिथे प्रश्न फक्त पोचे, ओरखडे आणि माल यांचा.

घरी लावायच्या किटबद्दल माझं उत्तर नाही असं आहे. रोलरने बसणारा थर पातळ असतो, आणि घासकाम, पुसकाम, चिकटपट्ट्या लावणं या सगळ्याला लागणारा वेळ तुम्ही फुकट धरता आहात. त्या वेळात तुम्ही विकण्याजोगं काम करू शकता. शिवाय अशा अनेक किटमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांची वाफ फुप्फुसांना घातक आहे, दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो. नाकाला रुमाल बांधून ते भागत नाही, योग्य श्वसनमुखवटा लागतो. कुटुंबाचं उत्पन्न ज्याच्या हातांवर आणि श्वासावर चालतं, त्याने एवढ्या बचतीसाठी हा धोका घेऊ नये.

तर माझा कौल: कार्पेट, रोखीने, आणि लगेच नाही.

कार्पेट का, तर तुमच्या हौद्यात पैसे मिळवून देणारा माल म्हणजे फर्निचर. एका कपाटाचं पॉलिश पुन्हा करायचं तर साहित्य, दोन माणसांची मजुरी, उशीर आणि नाराज गिऱ्हाईक, एवढं सगळं अंगावर येतं. असं वर्षातून दोनदा टळलं तरी वरचा अडीचचा फरक कुठल्या कुठे जातो. राडारोडा भावाचं घर उभं राहीपर्यंतच. तेवढ्यापुरतं कार्पेट काढून रबरी मॅट टाका, बाजूंना ताडपत्री लावा. काढायचा कंटाळा येईल हे मला माहीत आहे. म्हणूनच लगेच घेऊ नका म्हणतो. बांधकामाचा मोठा भाग उरकेपर्यंत मॅटवर चालवा आणि फर्निचरसाठी जाड गोधड्या वापरा, त्या तुमच्याकडे असतीलच.

थांबण्यात तोटा जवळजवळ नाही. मधल्या काळात मत बदललं आणि स्प्रेच करावा वाटलं, तरी लावण्याआधी हौदा घासायचाच असतो, किरकोळ ओरखडे त्यात झाकून जातात. फक्त कुठे पत्रा उघडा पडला तर टच-अप रंगाचा हात लगेच मारा, गंज धरू देऊ नका. आणि गाडी चार वर्षांत विकायचा बेत रद्द होऊन दहा वर्षं ठेवायचं ठरलं, तर माझा कौलही बदलेल. तेव्हा स्प्रे परत काही न मिळता वर्षाला 10 ला पडतो, आणि कार्पेट तेवढी वर्षं रोजच्या वापरात तग धरेल असं मी गृहीत धरणार नाही.

स्प्रेच्या ‘लाइफटाइम’ वॉरंटीबद्दल तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे, म्हणून सांगतो. यातलं आयुष्य बहुतेकदा पहिल्या मालकाच्या ताब्यात गाडी असेपर्यंतचं असतं. थर सुटला किंवा तडकला तर दुरुस्ती मिळते. उन्हाने काळा रंग राखाडी पडला किंवा धारदार वस्तूने कापला गेला तर बहुधा नाही. चार वर्षांत विकणाऱ्याला तिची किंमत अर्ध्याहून कमी. दोन्हींपैकी काहीही बसवलंत तरी विमा कंपनीला कळवा आणि बिल जपा, कारण गाडीबरोबर न आलेली वस्तू पॉलिसीत आपोआप धरलेली नसते. बिल धंद्याच्या नावाने घ्या, खर्चात कसं दाखवायचं ते तुमचे हिशेबनीस बघतील.

डीलरकडे जाल तेव्हा गाडीची किंमत आणि अ‍ॅक्सेसरी यांची वेगवेगळी कोटेशनं मागा. स्प्रेची ओळ कर्जाच्या अर्जात आधीच घातलेली असण्याची शक्यता बरीच आहे. ती ओळ काढून नवा हप्ता छापून घ्या, जुन्या आकड्याशी ताडून बघा आणि मगच सही करा.